एका गोळीत दोन औषधं

बेलापुरातून मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं म्हणजे श्रीरामपूर गाठायचं, नाहीतर लोणीचं प्रवरा रुग्णालय, नाहीतर थेट नगर. एका दिवसाचा रोज बुडतो. म्हणून दुसरी खेप राहून जाते आणि जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून ‘टेन्शनची गोळी’ येत राहते, महिनोन्‌महिने.

ती गोळी असेल घरात, तर स्ट्रिपची मागची बाजू उजेडात धरून वाचा. पुष्कळदा तिथे दोन नावं सापडतील: एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम आणि क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम. पहिलं नैराश्यावरचं, दुसरं गुंगी आणणारं. क्लोनाझेपामचा गुण पहिल्याच रात्री दिसतो. एस्सिटालोप्रामला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. सुरुवातीला उलट मळमळतं, बेचैनी वाढते. बरं वाटू लागल्यावरही ते साधारण सहा महिने तरी घ्यायचं असतं. क्लोनाझेपाम मात्र दोन-चार आठवड्यांत सोडलेलं बरं, कारण त्याची शरीराला सवय लागते. दोन्ही एकाच गोळीत असतील तर एक ठेवून दुसरं सोडणार कसं? ‘डॉक्टर, दोन्ही वेगळी लिहून द्याल का?’ असं खुशाल विचारावं. तो रुग्णाचा हक्क आहे.

गोळी एकदम बंद करू नये. एस्सिटालोप्राम अचानक सुटलं तर चक्कर येते, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं. बरेच दिवस घेतलेलं क्लोनाझेपाम सुटलं तर फिटही येऊ शकते. डोस डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवायचा. दारू तर नकोच. क्लोनाझेपामबरोबर ती घेतली तर श्वास मंदावतो.

मेडिकलवाला स्ट्रिप कापून देतो तेव्हा नाव दुसऱ्या तुकड्यावर राहतं. ते लिहून घ्या आणि दुसरं औषध घेताना डॉक्टरांना दाखवा, कारण अंगदुखीवरच्या ट्रॅमाडॉलशी एस्सिटालोप्रामचं जमत नाही. क्षयावरच्या लिनेझोलिडशीही नाही. आणि नैराश्यावरचं पहिलं औषध आलं ते क्षयाच्याच वॉर्डातून! १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात आयप्रोनियाझिड घेणारे क्षयरोगी एकाएकी हसूबोलू लागले होते. ते औषध मेंदूतलं जे विकर अडवतं, तेच लिनेझोलिडही काही प्रमाणात अडवतं. त्यात एस्सिटालोप्रामची भर पडली की सेरोटोनिन बेसुमार वाढून ताप, थरथर, भ्रम होऊ शकतो.

पंचविशीच्या आतल्या मुलामुलींकडे गोळी सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे घरच्यांनी बारीक लक्ष ठेवावं. या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात. तसं काही जाणवलं तर डॉक्टरांना लगेच कळवा. रात्री-अपरात्री कोणी भेटत नसेल, तर टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं.