घोड्याच्या पायांवर उभी कारकीर्द

इव्हेंटिंगच्या तबेल्यात सकाळचं पहिलं काम स्वारीचं नसतं, तपासणीचं असतं. मोतद्दार चंदी घालत असतानाच स्वार घोड्याच्या पुढच्या पायाशी उकिडवा बसतो आणि गुडघ्यापासून खुरापर्यंत हळूहळू तळहात फिरवत आणतो. मागची कंडरा कालच्यापेक्षा गरम लागते का? कुठे बारीकशी सूज? दाबलं तर पाय ओढून घेतो का? असे चारही पाय पाहून झाले की घोड्याला कडक जमिनीवर दुडक्या चालीनं पळवतात आणि टापांचा ताल कान देऊन ऐकतात. एक टाप जरी हलकी पडली तरी त्या दिवसाचा सराव रद्द. बंगळुरूच्या तबेल्यांत पहाटे उभं राहून हे पाहताना मला या खेळातलं यश नव्यानं समजलं. बाहेरून तो धाडसाचा खेळ दिसतो. आत गेल्यावर दिसतं की स्वाराचा बहुतेक वेळ दुसऱ्या जिवाचं शरीर जपण्यात जातो.

त्याचं कारण दोघांच्या आयुष्यांच्या हिशेबात आहे. ऑस्ट्रेलियाचे अँड्र्यू हॉय १९८४ साली पहिलं ऑलिंपिक खेळले आणि टोकियोत, वयाच्या ६२व्या वर्षी, त्यांनी सांघिक रौप्य आणि वैयक्तिक कांस्य मिळवलं. घोड्याला एवढी सवड नसते. चार-पाच वर्षांचा असताना त्याचं शिक्षण सुरू होतं, सर्वोच्च पातळी गाठेपर्यंत तो बहुधा दहा वर्षांचा झालेला असतो आणि तिथला त्याचा काळ मोजक्या वर्षांचा असतो. जर्मनीच्या मिखाएल युंगनं लंडन आणि रिओ इथली सुवर्णपदकं सॅमवर जिंकली. लंडनला सॅम १२ वर्षांचा होता, रिओला १६. पॅरिसला युंग तिसऱ्यांदा विजेता ठरला तेव्हा त्याच्या मांडीखाली चिपमंक होता. स्वाराची लांब कारकीर्द अशी घोड्यांच्या छोट्या कारकिर्दी जोडत तयार होते. म्हणूनच नावाजलेला स्वारही दिवसभर एकाच घोड्यावर नसतो. एका तरण्या घोड्याची पाण्याची भीती घालवायची, दुसऱ्याला चढावर दमसास कमवायला न्यायचं, दुखण्यातून उठलेल्या तिसऱ्याला नुसतं चालवायचं.

स्पर्धा तीन कसोट्यांची, आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध गुण मागतात. पहिली ड्रेसाज. ६० बाय २० मीटरच्या आखाड्यात घोड्यानं स्वाराच्या पाठपोटऱ्यांच्या बारीक इशाऱ्यांवर शांतपणे चालायचं, वळायचं, थांबायचं. ऐन तयारीत, अंगात ताकद उसळत असताना, ही शांतता मिळवणं फार अवघड असतं. दुसरी क्रॉस-कंट्री. उघड्या मैदानावर भक्कम ओंडके, चर, पाण्यातल्या उड्या. स्वार हा मार्ग आधी अनेकदा पायी चालून पाहतो, टापांची अंतरं पावलांनी मोजतो, कुठे वेग धरायचा आणि कुठे सोडायचा ते ठरवतो. घोड्याला मात्र आधी काहीच दाखवता येत नाही. अडथळा समोर आल्यावरच त्याला तो पहिल्यांदा दिसतो आणि केवळ पाठीवरच्या माणसावर विश्वास ठेवून तो झेप घेतो. नकार दिला तर २० दंडगुण, ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त लागलेल्या प्रत्येक सेकंदाला ०.४. तिसरी कसोटी उड्यांची. दमलेल्या शरीरानं अलगद पडणाऱ्या दांड्यांवरून जायचं. एक दांडी पडली की ४ दंडगुण.

फवाद मिर्झाची टोकियोतली कामगिरी या तराजूत घालून बघावी. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यानं वैयक्तिक रौप्य मिळवलं होतं. १९८२ नंतर घोडेस्वारीतलं भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. टोकियोतही त्याच्याबरोबर तोच घोडा होता, सिन्यूर मेडिकॉट, आता १५ वर्षांचा. ड्रेसाजमध्ये २८ दंडगुण. क्रॉस-कंट्रीचा मार्ग सुमारे साडेचार किलोमीटरचा, वेळ ७ मिनिटं ४५ सेकंद. मेडिकॉटनं एकाही अडथळ्याला नकार दिला नाही. उशीर झाल्याचे ११.२० दंडगुण पडले, म्हणजे २८ सेकंद. दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीत दोन दांड्या पडल्या, तरी पहिल्या २५ जणांत राहून त्यानं अंतिम फेरी गाठली आणि २३वा क्रमांक मिळवला.

ते २८ सेकंद मला कमीपणाचे वाटत नाहीत. दमट उन्हाळ्यात प्रौढ घोड्याला पळवताना प्रत्येक वळणावर स्वाराला एकच निर्णय घ्यावा लागतो: आत्ता मागावं की उद्यासाठी राखावं. कारण क्रॉस-कंट्रीची रेषा ओलांडल्यावर स्पर्धा संपत नाही. तंग सैल होतो, खोगीर उतरतं, थंड पाण्याच्या बादल्या अंगावर रित्या होतात, पाय बर्फात जातात. उड्यांच्या आधी पशुवैद्यक आणि पंचांसमोर घोड्याला पुन्हा दुडक्या चालीनं पळवून दाखवायचं असतं. लंगडला तर आदल्या दिवशीचा सगळा पराक्रम वाया.

भारतात या खेळाचा पाया लष्करानं घातला. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत वैयक्तिक सुवर्ण जिंकणारे रघुबीर सिंग लष्करातलेच. २०२३ साली हांगझोला गेलेल्या इव्हेंटिंग संघात आशिष लिमये आणि मेजर अपूर्व दाभाडे ही मराठी नावं होती. मिर्झाला जर्मनीत जाऊन राहावं लागलं, कारण तिथे जवळजवळ दर आठवड्याला वेगवेगळ्या पातळीच्या स्पर्धा मिळतात आणि घोड्याला एकेक पायरी चढवता येते. आपण स्वाराला परदेशी पाठवतो, तयार घोडा विकत घेतो आणि पदकाची वाट पाहतो. पण चांगला स्वार त्याच्या हातून घडलेल्या घोड्यांवरून ओळखला जातो. पाच वर्षांच्या घोड्याला पाच-सहा वर्षं धीरानं वाढवता येईल अशी मैदानं, कसबी नालबंद, जाणते मोतद्दार आणि घाई न करणारे मालक इथेच मिळायला हवेत. तेवढा धीर आपण दाखवला, तर पुढच्या मिर्झाला एकाच घोड्याच्या पायांवर सगळी भिस्त ठेवावी लागणार नाही.