मेलेली वाटणारी कुंडी: थंडी सरताना फुलणारे कंद

हा मागच्या भागाचा लेखी उतारा. बोलताना माझं ‘म्हणजे’ आणि ‘ते हे’ लई होतं, तेवढं काढून टाकलंय. बाकी जसं बोललो तसं.

कळंब्यात आमच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीला एक कुंडी आहे. डिसेंबरपासून तिच्यात काहीच दिसत नाही. नुसती माती, तीही भेगाळलेली. घरी येणारा प्रत्येक जण म्हणतो, “ही रिकामी कुंडी दे की, कढीपत्ता लावतो.” ती रिकामी नाहीये. तिच्यात भुईचाफा झोपलाय. आणि तो एवढाच उरलाय.

झालं असं. माझी आत्या पन्हाळ्याला राहायची. तिच्या परसात, न्हाणीच्या मागे भुईचाफ्याचा एक वाफा होता. भुईचाफा म्हणजे आपल्या हळद-आल्याच्या कुळातला. पावसाळ्यात त्याला रुंद पानं येतात, पानाची खालची बाजू जांभळट असते. थंडी सुरू झाली की पानं पिवळी पडून जमिनीला टेकतात, आणि मग महिनोन्‌महिने काही नाही. मार्च-एप्रिलात, पानाचा पत्ता नसताना, थेट मातीतून फुलं वर येतात. पांढऱ्या पाकळ्या आणि मधे दुभंगलेली जांभळी ओठासारखी पाकळी. खरं तर या पाकळ्या नाहीतच, बदललेले पुंकेसर आहेत, पण ते राहू दे. एक फूल एकच दिवस टिकतं. वास मात्र असा, की कुंडी सापडायच्या आधी वास सापडतो.

आत्यानं मला त्यातले दोन गड्डे दिले. मी दोन कुंड्यांत लावले. पहिल्या जानेवारीत दोन्ही कुंड्या सुकलेल्या दिसल्या, माझा जीव कळवळला, आणि एका कुंडीला मी रोज सकाळी तांब्याभर पाणी घालायला लागलो. दुसरी टाकीमागे होती म्हणून तिचा विसर पडला. फेब्रुवारीत पहिली उकरून बघितली तर आत चिखल आणि कुजका वास. आत्याला फोन केला. ती म्हणाली, “मेलं नव्हतं रे त्ये, निजलं होतं. निजल्याला कोण पाणी पाजतं का?”

विसरलेली कुंडी वाचली. पुढं आत्या मुलाकडे पुण्याला गेली, पन्हाळ्याचं घर विकलं, आणि नवीन मालकांनी परसात फरशी घातली. तेव्हा त्या वाफ्यातलं जे काही आहे ते आता माझ्या टाकीमागे आहे.

तर आजचा विषय हाच: झोपलेल्या कंदाचं करायचं काय?

आधी झोप का लागते ते बघू. कंद हा झाडाचा डबा आहे. पाणी आणि अन्न भरून ठेवलेला. ज्या काळात वर राहणं परवडत नाही, त्या काळात झाड खाली डब्यात जाऊन बसतं. युरोपात न परवडणारा काळ बर्फाचा, भूमध्य समुद्राकाठी कोरड्या उन्हाळ्याचा. आपल्याकडे तो ऑक्टोबरपासून वळवापर्यंतचा, म्हणजे पाणी नसण्याचा. आपला हिवाळा झाडाला थंड नाही वाटत, कोरडा वाटतो. ही एक गोष्ट डोक्यात बसली की निम्मी चूक टळते.

उलट उदाहरण ट्युलिपचं. मी तोही उद्योग करून बसलोय. ट्युलिपचं फूल कंदाच्या आत उन्हाळ्यातच तयार होतं, अगदी बारीक. पण दांडा लांबायला त्याला बारा ते सोळा आठवडे साधारण पाच ते नऊ अंशांची थंडी लागते. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा चौदा-पंधरावर आला तरी आपण स्वेटर काढतो. ट्युलिपच्या दृष्टीनं ती थंडीच नव्हे. म्हणून लोक कंद फ्रिजमध्ये ठेवतात. मीही ठेवले, भाजीच्या कप्प्यात. शेजारी सफरचंदं आणि चिकू. पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू सुटतो, आणि तो कंदातलं तयार फूल आतल्या आत वाळवतो. तीन महिने फ्रिजची जागा अडवून मला मिळाली ती पानं. घरात त्यावरून अजून बोलणी खातोय. आणि समजा फूल आलं असतं, तरी पुढच्या वर्षी पुन्हा फ्रिज. श्रीनगरला ट्युलिपचा मोठा बाग आहे, तिथली थंडी फुकट मिळते. तो मार्चअखेरीला उघडतो. पाहायचा तर तिथं जाऊन पाहावा.

आता आपल्या मातीतला गडी. शिवरात्र झाली की कळंबा तलावाच्या वरच्या अंगाला, कात्यायनीच्या डोंगराकडे माळावर चालत जा. गवत वाळून भुईसपाट झालेलं असतं. त्यात मधेच गुडघ्याएवढी एकच काडी उभी दिसते, पान एकही नाही, आणि तिला मातकट-हिरवट रंगाच्या छोट्या घंटा लोंबतात. हा रानकांदा. शास्त्रीय नाव ड्रिमिया इंडिका. हजारदा शेजारून गेलो असू, वाळकी काडी समजून.

एवढ्या रखरखाटात हा फुलतो कशाला? मला याचं उत्तर फार आवडतं. एक तर त्या वेळी गवत आडवं झालेलं असतं, फूल किड्यांना लांबून दिसतं. दुसरं, बोंडं पिकतात ती वळवाच्या सुमाराला. बी काळं, चपटं, कागदासारखं पातळ, कडेला पंख. वळवाची वावटळ सुटली की ते उडतं, पडतं, आणि थोड्याच दिवसांत मृगाचा पाऊस त्याला भिजवतो. पावसात फुलला असता तर बी तयार होईतो पाऊस संपला असता. फुलायला लागणारं पाणी त्यानं गेल्या पावसातच भरून ठेवलेलं असतं. तुमच्या तांब्याची त्याला गरज नाही.

एक सावधगिरी. नाव कांदा असलं तरी हा विषारी आहे. हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं त्यात असतात. त्याच्या भूमध्य समुद्राकाठच्या भावापासून उंदराचं विष करायचे. औषधातही दोघं वापरात होते, पण ते मोजून-मापून, घरी नाही. लहान मुलं, जनावरं असतील तर कुंडी उंचावर ठेवा. कापलेल्या कांद्याचा रस लागला तर खाजही सुटते.

कुंडीचं गणित सांगतो. उसाच्या रानातली काळी माती एकटी वापरू नका, ती पाणी धरून ठेवते. मी एक वाटा तांबडी माती, एक वाटा जाड वाळू किंवा बारीक मुरूम आणि अर्धा वाटा जुनं कुजलेलं शेणखत घेतो. तळाला विटांचे तुकडे. भुईचाफ्याला थोडी सावली आणि जास्त खत चालतं. रानकांद्याला ऊन आणि उपासमार. त्याचा माथा मातीच्या वर राहिला तरी चालतो. जून ते सप्टेंबर पाणी आणि खत. पानं पिवळी पडायला लागली की पाणी कमी, वाळली की बंद. पूर्ण बंद. पिवळी पानं ‘घाण दिसतात’ म्हणून कापू नका, त्यातलं अन्न खाली उतरत असतं. नंतर कुंडी अशा जागी न्या जिथं एसीचं पाणी किंवा धुण्याचं पाणी ठिबकत नाही. फुलाचं टोक वर दिसलं की थोडा ओलावा द्या, त्याआधी नाही.

इंग्लंडमध्ये उंच पर्वतावरची बुटकी झाडं वाढवणारे लोक आहेत. १९२९ पासून त्यांची एक सोसायटी आहे, अल्पाइन गार्डन सोसायटी. ते लोक ही झाडं काचघरात ठेवतात. मला वाटायचं ऊब मिळावी म्हणून. तर नाही, ते घर तापवतच नाहीत, खिडक्याही उघड्या ठेवतात. ते असतं पावसापासून वाचवायला. पर्वतावर झाड बर्फाखाली कोरडं निजतं, थंडी सोसतं. इंग्लंडच्या हिवाळी ओलीत मात्र कुजतं. म्हणजे माझी टाकीमागची जागा आणि त्यांचं काचघर एकाच कामाचं.

आपल्याकडे अशा झाडांची जागा म्हणजे जांभ्याचे सडे आणि पठारं. साताऱ्याचं कास साधारण बाराशे मीटरवर, खडकावर बोटभर माती. त्या भागात क्रायनम ब्रॅकिनेमा नावाची पांढरी, सुवासिक लिली आहे. विल्यम हर्बर्टनं तिला १८४२ मध्ये नाव दिलं. तीही पानांआधी फुलते, पावसाच्या तोंडावर. जगात ती फक्त आपल्या सह्याद्रीत.

आणि इथं मला जरा कडक बोलायचंय. मागच्या एका भागानंतर दोघा-तिघांनी विचारलं, “अमुक पठारावरून कंद काढून आणला तर जगेल का?” जगेलही. आणू नका. युरोपात थंडी सरताना स्नोड्रॉप नावाचं पांढरं फूल येतं. त्याच्या शौकिनांनी २०१५ मध्ये ‘गोल्डन फ्लीस’ या जातीचा एकच कंद १,३९० पौंडांना घेतला. अशी हौस लागली की रानातला कंद उपसला जातोच, म्हणून स्नोड्रॉपच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारानं बंधनं आहेत. आपल्या पठारावर एक कंद उपटला की तिथं खड्डा राहतो, आणि बी पडून तो भरायला वर्षं लागतात. कोल्हापूरकरांना बघायचंच असेल तर शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात अशा दुर्मिळ झाडांचं जतन चालतं, कंदीलपुष्पं त्यात महत्त्वाची.

मी रानकांदा बियांपासून लावलाय. मे महिन्यात माळावरच्या एका काडीवरून चार बोंडं घेतली, बाकीची ठेवली. जूनमध्ये ट्रेमध्ये वाळूमिश्रित मातीवर बी पसरलं, वर चिमूटभर माती. पहिल्या वर्षी गवताच्या काडीसारखं एक पान. आता तिसरं वर्ष, कांदा सुपारीएवढा. फूल अजून नाही. भुईचाफ्याला सहसा बी धरत नाही, तो गड्डा वाटूनच वाढतो.

एका ताईंचा प्रश्न होता: “माझ्या कुंडीत काहीच दिसत नाही, आत जिवंत आहे हे कसं ओळखायचं?” पाणी घालून नाही. कडेची माती बोटानं हळूच बाजूला करा, गड्डा दाबून बघा. घट्ट लागला तर परत माती ओढा आणि निघून या. मऊ लागला तर लगेच बाहेर काढा, कुजका भाग कापा, चांगल्या भागाला राख लावून सावलीत चार दिवस सुकवा आणि कोरड्या मातीत लावा. माझ्या पहिल्या कुंडीच्या वेळी मला हे माहीत नव्हतं.

माझी कुंडी परवा तपासली. घट्ट आहे. यंदा तीन फुगवटे लागले बोटाला, गेल्या साली दोन होते. फूल येऊन गेलं आणि पावसात पानं जोमानं आली, तर पुढच्या फेब्रुवारीत गड्डा मोडून एक तुकडा पुण्याला आत्याच्या गॅलरीत जाईल. तिला सांगितलं तर म्हणाली, “आण. पण तुझ्या त्या पाण्याच्या तांब्याला घरी ठेवून ये.”

पुढच्या भागात कळलावी. प्रश्न पाठवत राहा.