गरम पाण्याच्या कुंडात उतरण्याआधी

आमच्या गटाचे मनालीचे फोटो फिरत फिरत कुठं कुठं पोचले कोण जाणे, पण महिनाभरात चार गटांचे फोन आले. सगळ्यांचा प्रश्न एकच, "ताई, तिथं गरम पाण्याच्या कुंडात बसलात म्हणे, आम्हालाही जायचंय. कसं करायचं?" गाडी, खोली, पैसे हे मी फोनवर सांगितलंच. पण एक गोष्ट फोनवर नीट सांगता येत नाही. आमच्यातली एक वहिनी त्या कुंडातून बाहेर येताना भोवळ येऊन पडली होती. ती फोटोत दिसत नाही. आज मुख्य बोलायचंय ते त्याबद्दल.

आधी जागा सांगते. मनालीपासून तीनेक किलोमीटरवर, बियास नदीच्या पलीकडच्या अंगाला डोंगरउतारावर वशिष्ठ नावाचं गाव आहे. वसिष्ठ ऋषींचं जुनं मंदिर आणि त्याला लागून दगडी बांधणीची कुंडं, बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं. बायकांच्या कुंडाला भिंती आहेत, त्यामुळे लाज वाटायचं कारण नाही. पाण्याला गंधकाचा वास येतो, पहिल्यांदा नाक मुरडतं, मग सवय होते. बाहेरच्या धारेवर गावातल्या बाया कपडे धुतात. थंडीत फुकटचं गरम पाणी, कोण सोडेल?

हे पाणी गरम कसं, तर खाली कुणी चूल पेटवलेली नाही. पावसाचं, बर्फाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल जातं. जमिनीत एक किलोमीटर खाली गेलं की उष्णता साधारण 25 ते 30 अंशांनी वाढते. तिथं तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून लवकर वर आलं की गरमच बाहेर पडतं. आपल्या कोकणातही पालघरपासून राजापूरपर्यंत अशी कुंडं आहेत. आमच्या संगमेश्वर तालुक्यात तुरळ, राजवाडी, आरवली ही तर रस्त्यालगतचीच गावं. मग मनालीला कशाला, असं आमच्या सासूबाईंनी विचारलंच. त्यांना म्हटलं, आई, पाणी इथंही आहे, पण इथं बसलं की कुणीतरी शोधत येतं, "जेवण झालं का?" म्हणून.

तर आम्ही बारा जणी. दोन वर्षं दर महिन्याला 300 रुपये वेगळे टाकले, माणशी 7,200 झाले. गटाच्या बचतीला आणि कर्जाच्या पैशाला हात लावायचा नाही, असा ठराव सभेत आधीच लिहून घेतला होता. भातकापणी उरकल्यावर निघालो. पावसाळ्यात तिकडे जाऊ नका. 2023 च्या जुलैमध्ये बियासला पूर आला तेव्हा कुलू-मनालीचा रस्ताच जागोजागी वाहून गेला होता. रत्नागिरीहून मंगला एक्स्प्रेसनं दीड दिवसात निजामुद्दीन, आणि दिल्लीतून रात्रीची बस.

चूक झाली ती या बसमध्ये. घाटात गाडी कुठं थांबेल, थांबली तर बायकांची सोय असेल की नसेल, या धास्तीनं आम्ही सगळ्यांनी संध्याकाळपासून पाणीच प्यायलं नाही. तुम्हीही असंच करता, मला माहीत आहे. एसटीनं तालुक्याला जायचं तरी आपण सकाळचा अर्धा तांब्या कमी पितो. सकाळी मनालीला उतरलो. गाडीवाल्यानं दिवसभराचा बेत सांगितला: आधी वशिष्ठ, तिथं एक तास, मग हिडिंबा मंदिर, मग पुढं. वहिनीचा सोमवारचा उपवास होता. रक्तदाबाची गोळी तिनं रिकाम्या पोटी घेतली. आणि कुंडात बसली ती अर्धा तास उठेना. "एवढे पैसे घालून आलोय, पुरेपूर बसून घेते," म्हणाली. आम्ही हसलो. मीही हसले.

ती एकदम उभी राहिली, आणि पायरीवर पाय ठेवता ठेवता खाली गेली. गुडघा दगडावर आपटला. डोकं आपटलं नाही, कारण मागं दोघी होत्या. तिला बाहेर काढून आडवी केली, पाय उंच धरले, शुद्धीवर आल्यावर मीठ-साखरेचं पाणी घोटघोट दिलं. तिथल्या एका बाईनं अंगावरचा पट्टू काढून तिच्यावर घातला. भाषा कळत नव्हती, पण तिनं सगळ्या गर्दीला बाजूला केलं ते मला अजून आठवतं.

असं का झालं ते नंतर आमच्या उपकेंद्रातल्या सिस्टरनी समजावलं. गरम पाण्यात शरीर उष्णता बाहेर टाकायला बघतं, म्हणून कातडीच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब उतरतो. आपण एकदम उठलो की रक्त पायांकडे जातं आणि डोक्याला क्षणभर कमी पडतं. त्यात पाणी कमी प्यायलेलं, पोट रिकामं, वरून रक्तदाब उतरवायची गोळी. चारही गोष्टी एकाच वेळी जमून आल्या. यातली एकेक कदाचित निभावली असती.

म्हणून आता आमचा पहिला नियम: बसमधून उतरल्या दिवशी कुंडात जायचं नाही. खोली मनालीच्या बाजारात न घेता वशिष्ठ गावातच घ्या, कुंडापासून चालत जाता येईल अशी, आणि निदान दोन रात्री राहा. पहिल्या दिवशी खा, प्या, झोपा. मनाली महाबळेश्वरच्या दीडपट उंचीवर आहे, पहिल्या दिवशी चढ चढताना दम लागतोच. दुसऱ्या दिवशी पहाटे गर्दी नसताना कुंडावर जा. त्याआधी दोन पेले पाणी आणि चार बिस्किटं किंवा केळं पोटात असू द्या. भरपेट जेवून मात्र उतरू नका. उपवास असेल तर कुंडाचा वार बदला. देव रागावणार नाही, माझा तरी अनुभव तसा आहे.

बसायचं ते दहा मिनिटं, फार तर पंधरा. पैसे वसूल करायचे तर संध्याकाळी पुन्हा दहा मिनिटं या, मंदिराच्या कुंडाला तिकीट नाही. बाळाच्या अंघोळीचं पाणी जसं कोपरानं बघतो तसं आधी कोपर घालून बघा. पाणी पडतं त्या तोंडाशी ते जास्त कढत असतं, लांबच्या बाजूनं उतरा. साखरेचा आजार असलेल्या बाईच्या पायांना कधीकधी चटका कळतच नाही, तिच्यासाठी दुसरीनं पाणी बघावं. बाहेर येताना आधी पायरीवर बसा, पाय पाण्यातच ठेवा, दोन मिनिटं जाऊ द्या, मग कुणाचा तरी हात धरून उठा.

डुबकी मारू नका. हे ऐकून बऱ्याच जणींना वाईट वाटतं, कारण तीर्थ म्हटलं की तीन डुबक्या आल्या. पण कोमट-गरम गोड्या पाण्यात क्वचित एक अमिबा असतो, तो नाकातून थेट मेंदूकडे जातो. हा आजार फार दुर्मीळ आहे, पण झाला तर बहुतेक वेळा जीव जातो. केरळमधल्या अशा रुग्णांच्या बातम्या तुम्ही ऐकल्या असतील. तांब्यानं खांद्यावर पाणी घ्या, नाक वर ठेवा.

कुणी उतरूच नये? गरोदर बाईनं नाही, पहिल्या तीन महिन्यांत तर मुळीच नाही, अंग फार तापणं बाळाला वाईट. हृदयाचा त्रास, ताप, उघडी जखम, ओले टाके असतील तर नाही. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर निघण्याआधी आठवडाभर उपकेंद्रात मोजून घ्या आणि डॉक्टरांना विचारा. गोळी मनानं बंद करू नका. गुडघे-कंबर त्या दिवशी मोकळी वाटते हे खरं, पण संधिवात बरा होत नाही. कुणी तसं सांगून तेल विकायला आलं तर पाठ फिरवा.

पाळीचं बोलायला हवं. आमच्यातल्या दोघी पाळी पुढं ढकलायची गोळी दुकानातून कुणालाही न विचारता आणून घेत होत्या. रक्तदाब, रक्ताची गुठळी, यकृताचा त्रास असलेल्या बाईला ती गोळी धोक्याची ठरू शकते. पाळी आली तर आली. सगळ्यांच्या कुंडात उतरू नका, बादलीत तेच गरम पाणी घेऊन अंघोळ करा. निघायच्या आधीच सभेत हे मोकळेपणानं बोललं तर कुणाला गोळी गिळावी लागत नाही.

नेसायला जुना सुती पायजमा-कुर्ता किंवा परकर छातीवर बांधून घ्या. ओली साडी जड होते, पायात येते. साबण कुंडात नाही. फोन आत नाही, अगदी आपापसात फोटो काढायलाही नाही. एक बाई आळीपाळीनं बाहेर सामानापाशी थांबेल, तीच आतल्यांची वेळ बघेल. बाहेरची हवा बोचरी असते, डोकं-कान बांधून सरळ खोलीवर या. मणिकर्णला जाणार असाल तर तिथं झऱ्याचं पाणी उकळतं असतं, कापडात बांधलेला तांदूळ त्यात शिजतो. तिथं फक्त अंघोळीसाठी बांधलेल्या कुंडातच उतरायचं.

ज्या गटांकडं एवढे पैसे नाहीत त्यांनी दापोलीकडचं उन्हवरे, गणेशपुरी-अकलोली, नांदेड जिल्ह्यातलं उनकेश्वर यांपैकी जवळचं धरावं. नियम हेच. उन्हवऱ्याचा झरा सत्तरेक अंशांचा आहे, तेव्हा तिथं कोपराचं विसरू नका.

वहिनी आता बरी आहे. गुडघा महिनाभर दुखला. पुढच्या वर्षी पुन्हा जायचं तीच म्हणते, आणि बाहेर सामानापाशी घड्याळ घेऊन पहिली बसणार तीच, असं सभेत लिहून घेतलंय.

अरे हो, जोडवी आणि पैंजण खोलीवर काढून जा. आमच्या सगळ्यांची चांदी काळी पडली आणि दोघी तर अपशकुन झाला म्हणून रडवेल्या झाल्या. अपशकुन नाही, गंधकानं चांदी काळी पडते. घरी ॲल्युमिनियमच्या पातेल्यात कढत पाणी आणि चमचाभर खायचा सोडा घालून जोडवी पातेल्याला टेकतील अशी थोडा वेळ ठेवा, उजळतात.