दाखला कोणाचा द्यायचा?

विज्ञान नियतकालिकांचे २००९ चे इम्पॅक्ट फॅक्टर जाहीर झाले आणि अनेकांनी डोळे चोळले. स्फटिकशास्त्राबाहेर फारसं कुणी नाव न ऐकलेलं ‘ॲक्टा क्रिस्टॅलोग्राफिका ए’ थेट ‘नेचर’ आणि ‘सायन्स’च्या वर जाऊन बसलं होतं. आदल्या वर्षी त्याचा आकडा होता २.०५१, आता ४९.९२६. ‘नेचर’चा होता ३४.४८०.

ही करामत एकाच लेखाची होती. लेखक होते जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठातले जॉर्ज शेल्ड्रिक. स्फटिकावर क्ष-किरण सोडले की ठिपक्यांची नक्षी मिळते. त्या नक्षीवरून रेणूतला कोणता अणू कुठे बसला आहे, हे शोधायला किचकट गणित लागतं. ते करणारी ‘शेलएक्स’ ही संगणक प्रणाली शेल्ड्रिक यांनी १९७६ साली इतरांसाठी खुली केली आणि पुढे अनेक वर्षं ती वाढवत नेली. लहान रेणूंपासून प्रथिनांपर्यंत जगभरातल्या प्रयोगशाळा ती वापरत होत्या. २००८ मध्ये त्यांनी या प्रणालीचा अकरा पानी इतिहास लिहिला आणि त्यात सुचवलं, की शेलएक्स वापरणाऱ्यांनी दाखला म्हणून हा लेख द्यावा.

लोकांनी ते मनावर घेतलं.

इम्पॅक्ट फॅक्टरचं गणित साधं आहे. नियतकालिकाने आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांचे यंदा किती दाखले दिले गेले, ते मोजायचं आणि लेखांच्या संख्येने भागायचं. शेल्ड्रिक यांच्या लेखाला साडेसहा हजारांहून अधिक दाखले मिळाले. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात दुसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या लेखाला मिळाले २८. सरासरीत मात्र दोघं एकाच पंक्तीला. २००८ चा अंक दोन वर्षांच्या हिशेबातून बाहेर पडला आणि २०११ मध्ये आकडा पुन्हा दोनच्या आसपास आला.

आता उलट उदाहरणासाठी मद्रासला जाऊ. जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांचा अवघ्या पाच पानांचा निबंध १९६३ मध्ये ‘जर्नल ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजी’त आला. प्रथिनाची साखळी प्रत्येक अमिनो आम्लाच्या ठिकाणी दोन कोनांत वळू शकते. पण कोन भलताच पडला तर अणू एकमेकांवर आदळतात. कोणत्या जोड्या चालतात आणि कोणत्या नाहीत, याचा नकाशा या तिघांनी मांडला. तोच ‘रामचंद्रन आलेख’. प्रोटीन डेटा बँकेत रचना दाखल झाली, की तपासणी अहवालात या नकाशाबाहेर पडलेले कोन आजही मोजले जातात. शोधनिबंधांत ‘रामचंद्रन आलेख’ हा उल्लेख सर्रास येतो, पण संदर्भसूचीत १९६३ चा निबंध असेलच असं नाही. नाव इतकं रुळलं, की दाखल्याची गरजच कुणाला वाटत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी हा प्रकार फार पूर्वीच नोंदवला होता: कल्पना सर्वांची झाली की मूळ निबंध सूचीतून गळतो.

‘नेचर’ने २०१४ मध्ये सर्वाधिक दाखले मिळालेल्या शंभर निबंधांची यादी छापली, त्यात हेच दिसलं. पहिला क्रमांक होता प्रथिनाचं प्रमाण मोजण्याची पद्धत सांगणाऱ्या १९५१ च्या निबंधाचा. त्याचे दाखले तीन लाखांवर. शेल्ड्रिक पहिल्या विसात. डीएनएचा दुहेरी गोफ उलगडणारा वॉटसन आणि क्रिक यांचा निबंध शंभरातही नाही.

व्यक्तीचं काम मोजायला हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये एच-इंडेक्स सुचवला. किमान वीस दाखले मिळालेले वीस निबंध असतील, तर एच वीस. यात शेल्ड्रिक यांचा तो राक्षसी लेखही एकच निबंध म्हणून धरला जातो.

नेमणुका आणि बढत्यांच्या गुणपत्रिकेत मात्र नियतकालिकाचा आकडाच ठाण मांडून आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत इम्पॅक्ट फॅक्टर दोन ते पाच असलेल्या नियतकालिकातल्या निबंधाला २० गुण आहेत, तर दहाच्या वर असेल तर ३०. महाराष्ट्रातल्या प्राध्यापकांनाही हेच कोष्टक लागू आहे. ते ‘ॲक्टा’च्या आकड्यांना लावून पाहिलं, तर २८ दाखले मिळालेल्या त्या दुसऱ्या लेखाला २.०५१ च्या हिशेबाने २० गुण पडतात आणि ४९.९२६ च्या हिशेबाने ३०. वरचे दहा गुण शेल्ड्रिक यांच्या शेजाराचे.