डोळ्याला कळतो तो फक्त कोन

२०१९ साली एका परिषदेच्या निमित्ताने मला अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम या शहरी जावे लागले. माझी मावसबहीण तिथून जवळच राहते. परिषद संपल्यावर तिची नववीतली मुलगी मला अक्षरशः ओढतच डिस्नेलँडला घेऊन गेली. त्याच वर्षी ३१ मे रोजी तिथे ‘स्टार वॉर्स : गॅलक्सीज एज’ हा नवा विभाग सुरू झाला होता. पाळण्यांत आणि चक्रांत बसण्याची मला हौस नाही. पण या १४ एकरांच्या विभागात जे पाहिले ते वर्गात शिकवण्याजोगे वाटले, म्हणून हा लेख.

स्टार वॉर्स चित्रपटांच्या दुनियेतील बाटू नावाच्या काल्पनिक ग्रहावरचे एक गाव तिथे उभारले आहे. आपण बोगद्यातून आत शिरतो. बाहेर येताच घुमटाकार घरे आणि त्यांच्या मागे आकाशात घुसलेले दगडी सुळके दिसतात. कथेप्रमाणे हे सुळके म्हणजे दगड झालेली प्राचीन झाडे. ॲरिझोनातील अश्मीभूत वृक्षांचे वन पाहून रचनाकारांना ही कल्पना सुचली.

“मावशी, सांग बरं, तो सुळका किती उंच असेल?” भाचीने विचारले.

“दोनशे फूट तरी असेल,” मी म्हटले.

ती हसली. तिने आधीच वाचून ठेवले होते. सर्वांत उंच सुळका सुमारे १३० फूट, म्हणजे ४० मीटर आहे. प्रयोगशाळेत रोज मोजमापे करणाऱ्या माझा अंदाज दीडपट चुकला होता.

एवढ्यात कुठूनसा एक कावळा आला आणि सुळक्याच्या टोकाशी बसला. क्षणभर तो गरुडाएवढा भासला. पण तो ‘काव’ करून ओरडला आणि गंमत झाली. कावळा कावळ्याएवढा झाला, आणि तो सुळकाच माझ्या डोळ्यांदेखत आखडला!

असे का झाले? ते समजण्यासाठी डोळा नेमके काय मोजतो ते पाहू या.

वस्तूच्या दोन टोकांपासून निघालेले किरण डोळ्यात शिरताना एकमेकांशी जो कोन करतात, त्याला आपण दृक्कोन म्हणू. दृष्टिपटलावर पडणाऱ्या प्रतिमेचा आकार या कोनावर ठरतो. वस्तू मोठी तर कोन मोठा, वस्तू दूर गेली तर कोन लहान. लहान कोनांसाठी एक सोपे सूत्र आहे :

दृक्कोन (अंशांत) = ५७ × वस्तूचा आकार ÷ वस्तूचे अंतर

चंद्राचा दृक्कोन सुमारे अर्धा अंश आहे. हात लांब करून धरलेल्या पेन्सिलीच्या जाडीचा दृक्कोनही त्याच्या आसपासच असतो, म्हणून पेन्सिलीआड चंद्र लपतो. पेन्सिलीची जाडी ७ मिलिमीटर, चंद्राचा व्यास सुमारे ३,४७५ किलोमीटर. डोळ्याला मात्र दोन्ही जवळजवळ सारखेच! याचा अर्थ असा, की डोळा आकार सांगत नाही आणि अंतरही सांगत नाही. तो फक्त त्यांचे गुणोत्तर सांगतो. त्यातून आकार काढायचा तर अंतर ठाऊक हवे. ते काम मेंदू करतो, आणि त्यासाठी तो काही खुणांचा आधार घेतो.

पहिली खूण दोन डोळ्यांची. आपल्या डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटिमीटर अंतर असते. एक मीटरवरच्या वस्तूकडे पाहताना दोन डोळ्यांच्या नजरांत सुमारे पावणेचार अंशांचा कोन होतो. ४० मीटरवर तो एका अंशाच्या दहाव्या भागाहूनही कमी भरतो. म्हणजे जवळ उपयोगी पडणारी ही खूण दूरवर दुबळी होते. दुसरी खूण परिचयाची. माणूस, दार, सायकल यांचे आकार ठाऊक असल्याने त्यांच्या शेजारच्या वस्तूचा अंदाज येतो. तिसरी खूण तपशिलांची. भिंतीवरच्या विटा किंवा खिडक्या जसजशा दूर जातात, तसतशा लहान आणि दाट दिसू लागतात.

या तिसऱ्या खुणेचाच उलटा उपयोग उद्यानाच्या रचनाकारांनी केला आहे. समजा, २० मीटरवर एक मीटर उंचीची खिडकी आहे. तिचा दृक्कोन सुमारे तीन अंश. तिच्या जागी अर्ध्या मीटरची, पण हुबेहूब तशीच खिडकी बसवली, तर कोन दीड अंशाहून किंचित कमी होतो. मेंदू मात्र ती खिडकी एक मीटरचीच धरतो आणि हिशेब करतो, की ती ४० मीटरवर असली पाहिजे! बांधकामाचे तपशील वर वर लहान करत नेले, की इमारतीचा माथा आहे त्याहून दूर, म्हणून आहे त्याहून उंच भासतो. या युक्तीला इंग्रजीत फोर्स्ड पर्स्पेक्टिव्ह म्हणतात. आपण तिला फसवे यथार्थदर्शन म्हणू.

डिस्नेलँडला ही युक्ती नवीन नाही. १९५५ साली उद्यान उघडले, तेव्हापासून तिथे असलेला राजवाडा अवघा ७७ फूट उंच आहे. त्याचे दगड तळाशी मोठे आणि वर लहान आहेत. १९५९ साली उभारलेला मॅटरहॉर्न पर्वत १४७ फुटांचा, म्हणजे खऱ्या पर्वताच्या शंभराव्या हिश्श्याएवढा. त्याच्या उतारावर वरची झाडे मुद्दाम खुजी ठेवली आहेत. नव्या विभागात आणखी एक दक्षता घेतली आहे. आतून बाहेरचे रस्ते किंवा नेहमीच्या इमारती दिसू नयेत अशी मांडणी आहे. परक्या ग्रहावरच्या दाराची उंची कोणाला ठाऊक असणार? अशा रीतीने परिचयाची खूण जवळजवळ पुसली जाते. कावळ्याने नेमकी तीच परत आणून दिली.

हा अनुभव शाळेतही घेता येतो. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांच्या सहा जोड्या कापा. पहिल्या जोडीची उंची १५ सेंटिमीटर, शेवटच्या जोडीची ७ सेंटिमीटर आणि मधल्या क्रमाने लहान. रुंदीही त्याच प्रमाणात कमी करा. टेबलावर ओल्या मातीच्या गोळ्यांत त्या दहा-दहा सेंटिमीटरवर उभ्या करा. जोडीतल्या दोन पट्ट्यांमधले अंतर पुढे २० सेंटिमीटर ठेवून मागे ९ सेंटिमीटरपर्यंत आणा. आता पुठ्ठ्याला पाडलेल्या भोकातून, नजर टेबलाच्या पातळीवर आणून, एकाच डोळ्याने पाहायला सांगा. अर्ध्या मीटरची ही ओळ लांबलचक दालनासारखी भासेल. मग शेवटच्या जोडीमध्ये कॅरमची सोंगटी उभी करा. सोंगटी आधी अवाढव्य वाटेल, आणि मग दालनच आखडेल.

परतताना भाचीने विचारले, “मग आपले डोळे नेहमीच असे फसतात?” मला एक जुनी गोष्ट आठवली. कॉलेजात असताना मी वेळ वाचवण्यासाठी एका उपनगरी स्थानकात रूळ ओलांडून जात असे. एके दिवशी गाडी “अजून लांब आहे” असे पाहून मी निघाले आणि फलाटावर चढते न चढते तोच ती मागून धडधडत गेली. साडीचा पदर वाऱ्याने ओढला गेला. ती गाडी अचानक आली नव्हती. मी तिच्याकडे बघतच होते.

सूत्र तेच वापरू. गाडीचा दर्शनी भाग साडेतीन मीटर रुंद आणि वेग सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर धरू. ४०० मीटरवर गाडीचा दृक्कोन अर्धा अंश, चंद्राएवढाच. २०० मीटरवर एक अंश. या वाढीला दहा सेकंद लागले, म्हणून गाडी जवळजवळ थांबल्यासारखी वाटते. १०० मीटरवर दोन अंश, पाच सेकंदांत. ५० मीटरवर चार अंश, अडीच सेकंदांत. आणि त्यानंतर उरतात फक्त अडीच सेकंद. गाडीचा वेग सगळा वेळ एकच होता. कोनाची वाढ मात्र शेवटी अंगावर आली. भरीला भर म्हणजे मोठ्या वस्तूचा वेग आपल्याला आहे त्याहून कमी भासतो. रेल्वे फाटकांवरील अपघातांच्या संदर्भात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हर्शेल लिबोविट्झ यांनी हे १९८५ साली मांडले.

मुंबईत वडाळा स्थानकाजवळ २०१० च्या सुमारास या दोषावर एक साधा उपाय करून पाहिला गेला. रुळांखालचे काही स्लीपर ठरावीक अंतरावर पिवळे रंगवले. एकामागून एक पट्टा गाडीखाली झाकला जाऊ लागला, की वेग डोळ्यांना मोजता येतो. माझ्या लेखी हे पट्टे म्हणजे त्या सुळक्यावरचा कावळाच.

पण असे पट्टे सगळीकडे नाहीत. रुळांजवळच्या शाळांतील शिक्षकांना माझी विनंती आहे, की वरचे चार आकडे फळ्यावर लिहावेत आणि मुलांकडून वहीत सोडवून घ्यावेत. ‘रूळ ओलांडू नका’ ही पाटी मुले रोज वाचतात. ती तशी का लिहिली आहे, हे त्यांना स्वतःच्या गणितातून कळू द्यावे.