इंजिनाचे साक्षीदार

पुण्याहून जुन्या हमरस्त्याने मुंबईकडे निघाले, की चिंचवड आणि आकुर्डी मागे टाकल्यावर निगडी लागते. येथील चौकाजवळच्या उद्यानात शिवाजी महाराज आणि संत तुकाराम यांच्या भेटीचे भव्य शिल्प उभे आहे. या चौकातून पहाटेपासून रात्रीपर्यंत वाहनांचा ओघ अखंड वाहत असतो. त्यात कामगारांच्या बसगाड्या असतात, मालमोटारी असतात, दुचाकी असतात. मधूनच एखादी मोटार काळा धूर सोडीत जाते. हा धूर म्हणजे पुरते न जळालेले इंधन होय. ते का बरे जळाले नसेल?

चुलीत लाकडे फार कोंबली आणि वारा मिळाला नाही, तर ज्योतीपेक्षा धूरच अधिक होतो. इंजिनाचेही तसेच आहे. १ किलोग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. पेट्रोल याहून अधिक पडले, तर ते वाया जाते. मात्र इंजिन थंड असताना पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून त्या वेळी ते थोडे अधिक द्यावे लागते.

निगडीशेजारच्या आकुर्डीत १९७२ पासून पेट्रोलवर चालणारी चेतक स्कूटर तयार होऊ लागली. थंडीच्या सकाळी तिचा मालक ‘चोक’ ओढून ती सुरू करी आणि इंजिन तापल्यावर चोक पूर्ववत करी. तो तसाच राहिला, तर पेट्रोल भराभर संपे. आता हे काम मोटारीतील लहानसा संगणक करतो. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात नव्या वाहनांच्या धुराविषयी अधिक कडक नियम लागू झाले. तेव्हापासून बहुतेक नव्या दुचाकींतही अशी व्यवस्था आली आहे.

परंतु या संगणकाला स्वतःचे डोळे नाहीत, की कान नाहीत. इंजिन किती तापले, आत हवा किती आली, धुरात प्राणवायू किती उरला, हे त्याला सेन्सर नावाची छोटी उपकरणे कळवितात. सेन्सर हे जणू त्याचे साक्षीदारच होत. साक्षीदाराने खोटे सांगितले, तर न्यायाधीशाचा निवाडाही चुकतो. तापलेले इंजिन थंड आहे असे सेन्सरने कळविले, तर संगणक अधिक पेट्रोल सोडीत राहतो. चोक ओढलेलाच राहावा, तसा हा प्रकार होय.

समजा, निगडीतील एका गृहस्थांची मोटार १ लिटर पेट्रोलमध्ये १५ किलोमीटर जात असे; आता ती १२ किलोमीटरच जाते. ते रोज ४० किलोमीटर प्रवास करतात. ३०० दिवसांत त्यांना पूर्वी ८०० लिटर पेट्रोल पुरे. आता १,००० लिटर लागेल. म्हणजे २०० लिटर पेट्रोल आणि त्याचे पैसे व्यर्थ गेले. शिवाय साडेचारशे किलोग्रॅमहून अधिक कार्बन डायऑक्साइड वायू हवेत मिसळला तो वेगळाच.

गृहस्थ गॅरेजात जाऊन म्हणतात, “मिस्त्री, सेन्सर बिघडला असणार. तो बदलूनच टाका.”

“थांबा, साहेब. आधी तपासून पाहू या,” मिस्त्री म्हणतात.

प्रथम ते चाकांतील हवा पाहतात, ब्रेक घासत नाहीत ना हे पाहतात आणि हवेची गाळणी उघडतात. त्यांत दोष आढळत नाही. धोक्याचा दिवाही लागलेला नाही. सेन्सरची तार तुटली, तर संगणकाला ते कळते व दिवा लागतो; पण सेन्सर थोडेसेच चुकीचे सांगत असेल, तर दिवा लागेलच असे नाही.

मोटार रात्रभर उभी ठेवून मिस्त्री सकाळी स्कॅनर जोडतात. रात्रभर थंड झालेल्या इंजिनातील पाणी आणि आत येणारी हवा यांचे तापमान जवळजवळ सारखे असावयास हवे. स्कॅनरवर दोन्ही आकडे १५ अंशांच्या आसपास दिसतात. दोन साक्षी जुळल्या. मग मिस्त्री इंजिन सुरू करून मोटार वीस मिनिटे चालवितात. आता पाणी सुमारे ९० अंश तापलेले असावे. पण आकडा ५० च्या पुढे सरकत नाही.

“पाहा, सेन्सरच खोटा!” गृहस्थ म्हणतात.

मिस्त्री तापमापकाने इंजिनापाशीच पाण्याचे खरे तापमान मोजतात. तेही ५० अंशच भरते! सेन्सर खरेच सांगत होता. पाण्याची वाट अडविणारी थर्मोस्टॅटची झडप उघडीच अडकली होती. त्यामुळे पाणी सारखे रेडिएटरमध्ये जाऊन थंड होत होते. झडप बदलताच मोटार पूर्ववत चालू लागते.

पाणी ९० अंश तापलेले असते आणि सेन्सर ५० सांगत असता, तर मात्र दोष त्याचा किंवा त्याच्या जोडणीचा ठरला असता. तेव्हा मिस्त्रींनी आधी जोडणीवरील गंज पुसला असता, मग मल्टीमीटरने सेन्सरचा विद्युत्‌रोध मोजला असता. अनेक मोटारींत हा रोध २० अंशांना सुमारे अडीच हजार ओहम असतो आणि ८० अंशांना तो सुमारे तीनशेवर उतरतो. तो तसा उतरला नसता, तरच सेन्सर बदलणे योग्य झाले असते.

मुलांनो, वाईट बातमी आणणारा प्रत्येक जण खोटारडा नसतो. त्याला दोष देण्यापूर्वी त्याचे म्हणणे दुसऱ्या मापाने पडताळून पाहावे. कुशल कारागिराचे खरे हत्यार पाना नव्हे, तर ही सवय होय.

स्वाध्याय
१. सेन्सरला साक्षीदार का म्हटले आहे?
२. सेन्सर निर्दोष आहे, हे मिस्त्रींनी कसे ओळखले?
३. तुमच्या परिसरातील एखाद्या कारागिराला भेटा. तो दोष कसा शोधतो, ते दहा ओळींत लिहा.