प्रिंटर खरे रंग केव्हा दाखवतो?

मोबाइलमध्ये फोटो हजारो आणि भिंतीवर फक्त कॅलेंडर? चला, आज स्क्रीनबाहेर पडू! २४, ४४, अगदी ६४ इंच रुंद रोलवर फोटो छापणाऱ्या लार्ज-फॉरमॅट इंकजेट प्रिंटरची ही झटपट ओळख. घ्या नका घेऊ, पारखायला तर शिका!

चटका लागला, शोध लागला
माहीत आहे का, एका धक्क्यातून अख्खं तंत्र जन्मलं? १९७७ साली कॅननचे संशोधक इचिरो एंदो यांच्याकडून तापलेलं सोल्डरिंग आयर्न चुकून शाईच्या सिरिंजला टेकलं. सुईतून शाई टप्पकन उडाली! उष्णतेने बुडबुडा, बुडबुड्याने थेंब. ‘बबल जेट’चं बारसं झालं.

इथे चटका नाही, चिमटा!
एपसनच्या प्रिंटरच्या हेडमध्ये, म्हणजे शाई सोडणाऱ्या भागात, शाई तापतच नाही. वीज मिळताच आकार बदलणारा पिझो घटक थेंब बाहेर ढकलतो. पिझो परिणाम १८८० मध्ये शोधला पिएर आणि जॅक क्युरी या भावांनी. हो, तेच क्युरी: मारी क्युरींचे पती आणि दीर!

थेंबे थेंबे फोटो साचे
एक थेंब साधारण ४ पिकोलिटरचा. म्हणजे लिटरभर शाईत २५ हजार कोटी थेंब! कॅननच्या ४४ इंची प्रो-४००० मध्ये नोझल, म्हणजे शाईची छिद्रं, किती? १८,४३२. शाया १२, आणि त्यातली एक चक्क बिनरंगी. तिचं मुख्य काम चकाकी सगळीकडे सारखी करण्याचं. मेकअपवर शेवटचा हात!

रॉकस्टारची करवत
‘क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅश’ या बँडचा ग्रॅहम नॅश फोटोंचाही वेडा. त्याने तब्बल १,२६,००० डॉलरचा आयरिस ३०४७ प्रिंटर घेतला. मशीन होतं छपाईआधीचे प्रूफ काढायचं, याला छापायचे होते कलादालनातले फोटो! जाड कागद आत जाईना, म्हणून हेडचा भाग सरळ करवतीने कापला. वॉरंटीचं काय झालं, विचारू नका. १९९१ मध्ये त्याचा ‘नॅश एडिशन्स’ हा छपाई स्टुडिओ सुरू झाला आणि २००५ मध्ये तो प्रिंटर थेट स्मिथसोनियन संग्रहालयात पोहोचला.

कागद आधी, कॅमेरा मागाहून
फोटोग्राफी जगापुढे आली १८३९ मध्ये. फोटो प्रिंटसाठी नावाजलेला कागद बनवणारी जर्मनीची हानेम्यूले गिरणी मात्र १५८४ पासूनची! आणि ‘बरायटा’ कागदावर थर कशाचा? बेरियम सल्फेटचा. पोटाच्या एक्स-रेआधी ‘बेरियम मील’ म्हणून पाजतात, तोच पदार्थ. पोटातही चालतो, पोर्ट्रेटलाही!

पोपट होऊ देऊ नका
आता मुद्द्याची गोष्ट. शोरूममध्ये नमुना म्हणून दिसणार झगझगीत पोपट. त्याला भुललात, तर पोपट तुमचाच! भडक रंग जवळपास सगळेच प्रिंटर छान काढतात. कस लागतो तो सावलीतल्या काळ्या कुत्र्यात, माणसाच्या त्वचेत आणि हलकेच फिकट होत जाणाऱ्या आकाशात. आकाशात आडवे पट्टे दिसले? त्याला म्हणतात बँडिंग. पुढचं मशीन बघा!

सरडा चाचणी
ब्लॅक-अँड-व्हाइट फोटो छापून घ्या. आधी ट्यूबलाइटखाली बघा, मग उन्हाच्या उजेडात. राखाडी रंग हिरवट किंवा गुलाबी झाला, तर शायांचं गणित फसलंय. मग प्रिंट तिरकी धरा: काळ्या भागावर तांब्याची झाक दिसली की ते ‘ब्राँझिंग’. तांबं भांड्यातच शोभतं!

नोटांचा दिवा, कागदाची पोल
खोट्या नोटा पकडायचा यूव्ही दिवा कागदावर मारा. कागद निळसर चमकला? त्यात शुभ्रता वाढवणारे ब्राइटनर आहेत. आज पांढराशुभ्र दिसेल, पण ब्राइटनरचा जोर ओसरला की पिवळटपणा डोकावतो.

शतकाची अट
‘प्रिंट शंभर वर्षं टिकेल’ या दाव्यामागे अटी असतात. अमेरिकेतल्या आयोवामधल्या हेन्री विल्हेल्म यांच्या गाजलेल्या चाचण्यांचा हिशेब धरतो ४५० लक्स उजेड, रोज १२ तास. तुम्ही फोटो खिडकीतल्या उन्हात टांगलात, तर शतक हुकलंच म्हणा!

मेगापिक्सेलचा बाऊ
२४ मेगापिक्सेलचा फोटो ४४ बाय ६६ इंचांवर ताणला, तर इंचाला उरतात जेमतेम ९१ पिक्सेल. घाबरलात? एवढी प्रिंट कुणी नाक टेकवून बघत नाही. दोन पावलं मागे व्हा, फोटो खणखणीत!

खिशाला कात्री कुठे?
नव्या मशीनसोबतची काडतुसं बऱ्याचदा ‘स्टार्टर’, म्हणजे अर्धीमुर्धी भरलेली. प्रिंटर पडून राहिला, तर सर्दीत नाक चोंदावं तशी नोझल चोंदतात. मग क्लीनिंग, आणि महागडी शाई थेट वाया शाईच्या मेंटेनन्स टँकमध्ये! काही जुन्या मॉडेल्समध्ये मॅट आणि ग्लॉसी कागदांसाठीचे दोन काळे रंग एकाच नळीतून जायचे. अदलाबदल केली की शाई वाया. म्हणून विक्रेत्याला फक्त किंमत विचारू नका. प्रत्येक प्रिंटला शाई किती लागते, टँक केव्हा बदलायचा आणि हेड बिघडलं तर बिल किती, हेही विचारा.

तेव्हा डेमोला जाताना स्वतःचा पेनड्राइव्ह न्या, त्यात तुमचा सगळ्यात अवघड फोटो ठेवा. प्रिंट घरी आणा, रात्रभर वाळू द्या आणि दुसऱ्या दिवशी खिडकीशी नीट बघा. तेव्हाही आवडली, तरच चेकबुक काढा!